मामांच्या वाटीतलं मीठ

स्वयंपाकात मी फार हुशार आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कुणाकडे काही चांगलं खाल्लं की घरी येऊन ते करून बघायचं आणि करताना त्यात आपलं काहीतरी घुसडायचं, ही माझी जुनी खोड. ज्वारीच्या पिठाच्या उकडशेंगुळ्यांच्या रश्शात चमचाभर येसर घाल, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याची मसाला घातलेली पूड. शेजारच्या भाभींकडून त्यांची चिंचेची खट्टी दाल शिकून घे आणि तिला आपल्या काळ्या मसाल्याची फोडणी दे. जमलं की चार दिवस मिरवायचं, फसलं की नवऱ्याच्या डब्यात भरायचं. ऑफिसात माझ्या डब्याभोवती बायका जमायच्या, तेव्हा मी मुद्दाम सावकाश झाकण उघडायची.

ही सगळी हुशारी मी पुढे एका माणसावर वापरली. ते माझे सासरे.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. हसनाबादच्या पुढे आमचं गाव आहे. सासूबाई गेल्यावर दुसऱ्या वर्षी मामा शेत भावकीला वाट्यानं लावून जालन्याला आमच्याजवळ राहायला आले. गावात त्यांना कुणी शेतकरी म्हणून फारसं ओळखत नव्हतं. शेती बेताचीच, तीही आळसानं केलेली. ते ओळखले जायचे मिठासाठी. हनुमान जयंतीला सप्ताह संपतो आणि अख्खं गाव मारुतीच्या पारावर जेवतं. त्या जेवणाच्या डाळीत मीठ टाकायचं ते मामांनीच. आचारी कुठूनही आणलेला असो, फोडणी, तिखट, मसाला सगळं त्याचं. मिठाच्या वेळेला मात्र तो बाजूला व्हायचा.

कारण त्या डाळीची चव घेता येत नाही. मारुतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तिला जीभ लावायची नाही, आणि नैवेद्य दाखवून झाला की लगेच पंगत बसते. मग मीठ कमी-जास्त झालेलं दुरुस्त करायला वेळच नसतो. त्यामुळे टाकणाऱ्याला न चाखता कळावं लागतं. मामा कढईवर वाकायचे, पळीनं डाळ वर घेऊन परत सोडायचे, वाफ नाकात घ्यायचे आणि मुठी मोजायला लागायचे. लग्न होऊन आले त्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कळतं कसं? ते म्हणाले, "अळणी डाळीची वाफ गोड येती माय. मीठ बराबर लागलं की ती चूप होती." मी त्या दिवशी घरी येऊन कुकरच्या वाफेत नाक घालून पाहिलं. नाक पोळलं, बाकी काही कळलं नाही.

जालन्याच्या घरातही ते बाहेरच्या खोलीत बसून माझा स्वयंपाक चालवायचे. "लसूण जळून राह्यली!" "वांग्यात कूट कमी हाय!" सगळं वासावरून, आणि सगळं खरं. मला राग यायचा. दिवसभर ऑफिसात साहेबाचं ऐकायचं आणि घरी येऊन भिंतीपलीकडून यांचं. पण राग आला तरी मी लसूण काढायची.

दसऱ्याच्या सुमारास मामांना चक्कर आली. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. तिथली पांढरी खिचडी त्यांनी एक घास खाऊन सरकवून दिली आणि दोन दिवस चहा-बिस्किटावर काढले. घरी सोडताना ते बाहेर सदऱ्याची बटणं लावत होते, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला आत बोलावलं. ब्लडप्रेशर फार वाढलंय, गोळी चुकवायची नाही, मीठ जवळजवळ बंद करा, म्हणाले.

नवरा वडिलांना दादा म्हणतो. रिक्षात तो माझ्या कानाशी म्हणाला, "दादाला सांगू नको. तो मीठ सोडणार न्हाई. जेवणच सोडीन."

मला ते पटलं. आजवर हे वाक्य मी नवऱ्याच्या नावावर टाकत आले, पण खरं सांगायचं तर मला ते नुसतं पटलं नाही, आवडलं. माझ्यातल्या हुशार बाईला काम मिळालं होतं.

मी कामाला लागले. डाळ शिजली की आधी मामांची डाळ छोट्या पातेल्यात काढून घ्यायची, नावाला चिमूट मीठ टाकायचं, मग उरलेल्या डाळीत आमचं मीठ. मामांच्या वाटीत मिठाची जागा भरून काढायला चिंच, लिंबू, आमसूल, भाजलेल्या जिऱ्याची पूड. जुन्या जालन्यातून चांगले तीळ आणि खोबरं आणून ते खरपूस भाजून घालायची. लसूण दुप्पट. भाभींची खट्टी दाल यात फार उपयोगी पडली, कारण आंबटपणात मिठाची उणीव बरीच झाकली जाते. ठेच्याचं काही जमेना. अळणी ठेचा म्हणजे मिरचीचा मार नुसता. मग मी त्यात दाण्याचं कूट आणि लिंबू घालून त्याला चटणी म्हणायला लागले. दिवाळीच्या चिवड्याचेही दोन डबे केले. हे सगळं मी मन लावून करत होते, अगदी आनंदानं.

पहिल्याच आठवड्यात मामांनी विचारलं, "माय, मीठ इसरली का?"

"न्हाई मामा, टाकलंय की." चिमूट टाकलं होतं, म्हणजे खोटं बोलले नाही, असं मी मनाशी म्हटलं.

नवऱ्यानं आपल्या वाटीतली डाळ भुरकली आणि म्हणाला, "मला तर उलट जास्तच लागून राह्यलं."

मामांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. पुन्हा एक घास घेतला, तोंडात घोळवला. तेव्हा मी जे बोलले ते बोलायची काही गरज नव्हती. विषय तिथंच थांबला असता. पण मी म्हणाले, "वयानं होतं मामा असं. जिभेची चव कमी होती."

ते "असंन" म्हणाले आणि जेवले.

त्यानंतर महिनाभरात दोन-तीनदा त्यांनी विचारलं असेल. दर वेळी आम्ही दोघांनी मिळून त्यांना खोटं पाडलं. एकदा ते नवऱ्याच्या वाटीकडे हात करून म्हणाले, "दे बरं तुझी." मी पटकन म्हणाले, उष्टं कशाला, मी दुसरी देते, आणि आत जाऊन त्यांच्याच पातेल्यातली आणून दिली. त्यांनी चाखली आणि वाटी हळूच खाली ठेवली. ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

बाहेरच्या खोलीतून येणारा आवाजही बंद झाला. लसूण जळाली तरी कुणी ओरडेना. आधी ते मला सांगायचे, आज शेपू केली वाटतं. आता विचारायचे, "काय केलं आज?" पातेल्यावरचं झाकण काढून वास घ्यायची त्यांची सवय होती, तीही गेली. ताटात येईल ते खायचे आणि हात धुवायचे. मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि बरं वाटत होतं. कटकट थांबली होती. तपासणीला गेलो तेव्हा ब्लडप्रेशर उतरलेलं निघालं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन माझं कौतुक केलं. मी ऑफिसच्या बायकांच्या ग्रुपवर बिनमिठाच्या चवदार पदार्थांच्या कृती लिहून टाकायला लागले. 'सासऱ्यांना पत्तासुद्धा नाही' असं मी खाली लिहायची आणि हसण्याची चित्रं यायची.

सप्ताहाच्या आधी गावातून दोघं जण आले. त्यातला एक मामांचा भावकीतला पुतण्या, चाळिशी ओलांडलेला, मामांच्या हाताखाली बरीच वर्षं मिठाची परात धरून उभा राहणारा. बोलावणं करायची फक्त रीत. मामा जाणार हे ठरलेलंच असायचं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मामा म्हणत होते, "मला नका धरू औंदा. माझी जीभ गेली रे. नाकबी गेलं. आख्ख्या गावाचं अन्न हाय, एका मुठीनं नासायचं."

पुतण्या हसला. त्याला चेष्टा वाटली. "काका, कायबी बोलून राह्यले. तुमचं नाक जाईन?"

"इचार हिला," मामा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात ट्रे होता. एक वाक्य बोलले असते तर सगळं जागेवर आलं असतं. मी म्हणाले, "चहा घ्या, गार होऊन राह्यला." हे आठवलं की आजही मला स्वतःची चीड येते. मी त्यांची साक्ष दिली, तीही खोटी, आणि तीही तोंडानं न देता.

ते निघाले तेव्हा मामा पुतण्याला दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "तूच टाक. वाफ घे, घाई करू नको." रात्री नवरा म्हणाला, बरंच झालं, एवढ्या उन्हात जायला नको त्यानं. मी हो म्हणाले.

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्या मोटारसायकलवर एकटाच आला. स्टीलच्या डब्यात प्रसादाची डाळ आणि पोळ्या. नवरा कामावर होता, मला सुट्टी होती. पुतण्यानं डबा उघडून मामांपुढे ठेवला आणि म्हणाला, "काका, चाखा." मामांनी बोट बुडवून चाटलं, मग पळीभर डाळ वाटीत घेतली आणि प्यायले. चेहरा कसनुसा झाला.

"खारट लागून राह्यली मला," ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "पण माझ्या जिभेचं काय खरं? घरचं अळणी लागतं, गावचं खारट लागतं. गेलीच ती."

पुतण्यानं मान खाली घातली. "काका, खारटच झाली. लोकं पाणी पिऊन पिऊन जेवले. म्हातारी माणसं कोरडी पोळी खाऊन उठली. मला वाफ कळलीच न्हाई." तो एवढा मोठा माणूस, त्याचा आवाज फाटला होता. त्याला गाव काय काय बोललं असेल याची मला कल्पना आहे.

मामांनी पुन्हा थोडी डाळ जिभेवर घेतली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं.

"मंग घरची?" ते म्हणाले.

त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात आधी थाप आली. खारट कळतं पण बेताचं मीठ कळत नाही, असा काहीतरी आजार असतो म्हणून सांगावं. इतकी मी त्यात मुरले होते. मग पुतण्याची ती खाली घातलेली मान दिसली, आणि मला बोलावं लागलं.

"तुमची जीभ गेली न्हाई, मामा. तुमच्या वाटीत मीच मीठ टाकत न्हाई. डॉक्टरनं बंद करायला सांगितलंय. सहा महिने झाले."

पुतण्या उठून अंगणात गेला. मला वाटलं मामा वाटी फेकतील, ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी डब्याला नीट झाकण लावलं.

"सांगितलं असतं, तर अळणीबी खाल्लं असतं मी," ते म्हणाले.

एवढंच. त्या रात्री नवऱ्याला कळल्यावर तो बापापुढे बसून पुटपुटला, दादा, तुमच्यासाठीच केलं. मामा म्हणाले, "ठाऊक हाय." त्याच्यावरही ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात एकच पातेलं केलं, सगळ्यांसाठी कमी मिठाचं. मला वाटलं, आता पूर्वीसारखं होईल. भिंतीपलीकडून आवाज येईल म्हणून मी कान लावून बसायची. एकदा तर मुद्दाम लसूण जळू दिली. धूर बाहेरच्या खोलीत गेला, मामा खोकले, उठून खिडकी उघडली आणि परत बसले. जेवताना पहिला घास घेतला की ते माझ्याकडे बघतात. "कसं झालंय?" मी म्हणते, "तुम्ही सांगा." ते म्हणतात, "तू म्हणशीन तसं." यात टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमणा नसतो. त्यांना खरोखरच माहीत नसतं, आपल्याला लागलेली चव धरायची की सोडायची.

जीभ तर मी परत दिली होती. पण जिभेवरचा त्यांचा विश्वास मी सहा महिने रोज थोडा थोडा काढून घेतला होता, आणि तो माझ्याकडेही शिल्लक नव्हता की परत द्यावा. त्या ग्रुपवरच्या कृती मी एक दिवस खोडायला बसले. खोडता येईनात. वेळ निघून गेली होती. बायका अजून त्या पुढे पाठवतात.

पुढच्या वर्षी सप्ताहाला मीच मामांना गावी घेऊन गेले. नवरा आला नाही, मी रजा काढली. पुतण्यानं गावात आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की काकांची जीभ शाबूत आहे. का गेली होती ते त्यानं सांगितलं नाही. त्याचे उपकार आहेत माझ्यावर. काल्याचं कीर्तन संपत आलं तसा तो परात घेऊन मामांकडे आला. "काका, चला." मामा उठले. मीही बायकांतून उठून डाळीच्या कढईखालच्या चुलवणाजवळ जाऊन थांबले.

मामा कढईवर वाकले. पळीनं डाळ वर घेतली, सोडली. डोळे मिटून वाफ घेतली. हात परातीकडे गेला आणि मुठीत मीठ आलं. मग ते थांबले. त्यांनी डोळे उघडून इकडे तिकडे पाहिलं, मी दिसले, आणि मूठ तशीच धरून त्यांनी मला विचारलं, "बराबर हाय का गं?"

मला! जिला कुकरच्या वाफेत नाक भाजून घेण्यापलीकडे काही जमलं नव्हतं. चुलवणाभोवतीची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी नुसती मान हलवली असती तरी ती मूठ डाळीत पडली असती. पण अंदाजानं मान हलवणं म्हणजे परत तेच झालं असतं.

"मला न्हाई कळत मामा. कधीच कळलं न्हाई. तुम्हालाच कळतं."

मामांनी मूठ परातीत सोडली, हात झटकला आणि पुतण्याला म्हणाले, "तूच टाक बाबा."

पुतण्यानं टाकलं. गेल्या वर्षीच्या भीतीनं त्याचा हात आखडला होता, हे मलासुद्धा दिसलं. नैवेद्य झाला, पंगत बसली. पहिल्याच घासाला मला कळलं, डाळ अळणी आहे. भंडाऱ्याच्या पंगतीत पानावर मीठ वाढत नाहीत, लागेल त्यानं मागून घ्यायचं. समोर पुरुषांच्या रांगेत मामा बसले होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला. मग त्यांनी डावीकडच्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं, तो जेवत होता. उजवीकडच्याकडे पाहिलं, तोही जेवत होता. मामांनी मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला.

मला ते बघवेना. भरल्या पानावरून मधेच उठू नये, तरी मी उठले. बायका काहीतरी बोलल्या. वाढणाऱ्याच्या हातातली मिठाची वाटी घेऊन मी मामांपुढे वाकले आणि त्यांच्या पानावर चिमूटभर मीठ ठेवलं.

"डाळ अळणी हाय मामा," मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. "तुम्हाला बराबर लागून राह्यलं."

शेजारचा माणूस म्हणाला, "हो हो, अळणीच हाय, इकडं बी टाका." मग रांगेतून चार-सहा हात पुढे आले.

मामांनी वर पाहिलं. डोळे भरल्यासारखे वाटले, पण तो चुलवणाचा धूरही असेल. मग त्यांनी करंगळीनं ते मीठ हळूहळू पानाच्या कडेला सारलं.

"हाय अळणी," ते म्हणाले. "पण मला डॉक्टरनं न्हाई म्हणलंय ना."

आणि त्यांनी पोळी कुस्करून ती सगळी डाळ तशीच खाल्ली, परत मागूनही घेतली. पंगत उठल्यावर मी त्यांचं पान उचलायला गेले. पान स्वच्छ होतं. कडेला मीठ तेवढं राहिलं होतं.